सोपे प्रश्न

सोमवार, ३ तारीख

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचं ब्लडप्रेशर औषधाने नाही, ओरडणं थांबवल्याने उतरेल. ओरडावंसं वाटलं की आधी वहीत लिहा. मी म्हटलं, मी चौथीत शाळा सोडली. त्या म्हणाल्या, चौथीत सोडलेल्यांना ओरडता येतं, तर लिहिताही येईल. बाई तोंडाची फटकळ आहे. मला आवडली.

पोरीने तिची एक अर्धी कोरी वही दिली. काय लिहायचं विचारलं तर म्हणाली, "आई, तू बोलतेस तसं लिही, मधल्या शिव्या गाळून." मग उरणार काय.

घरात आम्ही तिघं. मी कपडे दुरुस्त करते. पँट आखूड करणे, चेन बदलणे, अस्तर लावणे. ह्यांना झटका आला त्याला वर्ष उलटून गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. "हं" आणि "नको" एवढे दोनच शब्द मागे राहिले. पूर्वी लिफ्ट दुरुस्त करायचे. अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचे. आता स्वतः अडकलेत आणि काढायला आम्ही दोघी. एकटीने उचलले जात नाहीत. एकीने काखेत हात घालायचा, एकीने गुडघ्याखाली.

पोरीला कॉलेजात जागा मिळाली. तिला व्यायामोपचाराचं शिकायचंय. सुरुवातीला ह्यांना व्यायाम द्यायला एक मुलगी यायची. तिने ह्यांचा डावा हात चालता केला, मग आमचे पैसे पुरेनात आणि तिचं येणं बंद झालं. तेव्हापासून हिच्या डोक्यात हेच. त्याला गणित लागतं म्हणे. लागू दे. गणित तिला ह्यांनीच शिकवलंय, तारा आणि कप्प्या हातात देऊन.

हात दुखला. पुरे.


गुरुवार, ६

वाईट दिवस. एका वकिलाच्या कोटाचं अस्तर संध्याकाळपर्यंत हवं होतं आणि कोट असा की आधीच्या शिंप्याने सूड उगवलेला.

पोरगी सकाळी म्हणाली, "आई, आज दुपारी माझी गणिताची परीक्षा आहे. घरूनच द्यायची, कॉम्प्युटरवर. त्यावरून ते ठरवतात कोणाला गणिताच्या कुठल्या वर्गात बसवायचं. मला उठवू नकोस हं."

मी म्हटलं, मी कशाला उठवू.

आमची बाहेरची खोली एकच. खिडकीशी माझं मशीन, भिंतीला ह्यांची कॉट, कॉटच्या पायथ्याशी तिचं टेबल. बसली. मी टीप मारतानासुद्धा हळू पाय मारत होते.

मधेच ह्यांनी अंथरूण खराब केलं. मी हाक मारली. ती म्हणाली, "आई, थोडं थांबतेस?" मी म्हटलं, बाप ओल्यात पडलाय आणि थांब काय थांब. कॉम्प्युटर कुठे पळून जातोय. मी नाही का सुई कापडात रोवून उठत आणि परत आले की तिथूनच पुढे टीप मारत. मग उठली. चादर काढली, अंग पुसलं, कपडे बदलले, कुशीवर वळवलं. हे आज फार त्रास देत होते. डाव्या हाताने पोरीला ढकलत होते. "नको, नको, नको." नजर सारखी टेबलाकडे. ह्यांना वाटलं असेल टीव्ही लावलाय. मी म्हटलं, अहो, त्यात काही लागत नाही, ती आकडेमोड आहे.

नंतर उशीवरून खाली घसरले तेव्हा पुन्हा तिला बोलवावं लागलं. तेव्हा थांब म्हणाली नाही, लगेच आली.

संध्याकाळी विचारलं, कसा गेला पेपर?

म्हणाली, "शेवटी शेवटी फार सोपे प्रश्न आले."

मी म्हटलं, मग झालं तर. नशीब लागतं त्यालाही.

"हो," म्हणाली आणि जेवली नाही. पोट भरलंय म्हणाली. कशाने ते देव जाणे. कोट वेळेवर गेला.


शनिवार, ८

भाऊ येऊन गेला. माझा धाकटा. कॉम्प्युटर त्यानेच दिला होता, त्याच्या ऑफिसात टाकून देणार होते तो. त्याला सांगितलं, परीक्षेत सोपे प्रश्न आले. तो म्हणाला, "ताई, मग पोरगी वरच्या वर्गात. आपल्या घराण्यात गणित येणारी पहिली." मी म्हटलं, आपल्या घराण्यात तुला उरलेली बिस्किटं मोजता येतात, तेवढं पुरे. पोरगी हसली नाही. उठून भांडी घासायला गेली. मी सांगितलं नव्हतं.


बुधवार, १२

लागला निकाल. काय लिहू.

गणिताचे तीन वर्ग असतात. वरचा, मधला आणि पायाचा. पोरीला पायाचा दिलाय. ज्यांना काहीच येत नाही त्यांचा. त्याचे मार्कही धरत नाहीत, नुसतं बसायचं. आणि व्यायामोपचाराच्या शाखेला पहिल्या सहामाहीतच मधला वर्ग हवा. नाही तर जागा दुसऱ्याला. पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत.

पोरीनेच वाचून दाखवलं, दूधवाल्याचा हिशेब वाचावा तसं. मी म्हटलं, चुकलंय त्यांचं. दुसऱ्या कोणाचा निकाल चिकटवलाय. ती म्हणाली, "नाही आई, माझाच आहे." मी म्हटलं, तू गप्प बस, तुला कळत नाही. शाळेत गणितात सगळ्यांच्या पुढे, आणि आता पायाला.

खूप ओरडले. वही आठवली नाही. नंतर आठवली.

हे डोळे मिटून पडले होते. झोपलेले नव्हते. झोपले की तोंड उघडं राहतं.


शुक्रवार, १४

कॉलेजात गेले. पोरगी नको नको म्हणत होती म्हणून तिला न सांगता गेले.

सगळ्या खिडक्यांवर रांगा, आणि रांगेत सगळी पोरंच, मी एकटी टेप गळ्यात घालून. काढायचा विसरले होते. खिडकीवरची बाई माझ्याच वयाची, आणि मला म्हणते, "बोला मावशी."

मी म्हटलं, माझ्या मुलीला चुकून खालच्या वर्गात टाकलंय, वर काढा.

ती म्हणाली, "मावशी, ते आम्ही नाही ठरवत. मशीन ठरवतं."

मी म्हटलं, मशीन मीही चालवते. मी कापड वाकडं घातलं तर टीप वाकडी येते. मशीनला कोण विचारतं, घालणाऱ्याला विचारतात.

मागची पोरं हसली. बाई नाही हसली, पण तिने एक कागद दिला. परीक्षेच्या वेळी काही अडचण आली असेल तर ती लिहून पुढच्या गुरुवारच्या आत द्यायची. पटलं तर पुन्हा परीक्षा घेतात, इथेच कॉलेजात, एका खोलीत. "मुलीनेच लिहायचं हं, मावशी. खरं कारण लिहायला सांगा. उगाच लाईट गेले होते वगैरे नको. ते सगळे लिहितात."

आमचे लाईट गेलेच नव्हते. मी तसंच सांगितलं.


सोमवार, १७

तीन दिवस कागद टेबलावर पडून. आज मी समोर उभी राहिले. म्हटलं, लिही. अडचण काय आली ते लिही.

"काही नाही आली."

मग काहीतरी लिही. डोकं दुखत होतं लिही. दात दुखत होता लिही.

ती ह्यांच्याकडे बघत होती. मी म्हटलं, बापाकडे काय बघतेस, ते लिहून देणारेत का. तशी तिने पेन घेतलं, एक ओळ लिहिली, घडी घातली. काय लिहिलंस विचारलं तर म्हणाली, "कारण." स्वतःच नेऊन दिला.

ही पोरगी अशी तोंड शिवल्यासारखी कधीपासून झाली कळत नाही. माझ्यावर नाही गेली. ह्यांच्यावर गेली असेल, पण हे तरी झटका आल्यावर गप्प झाले.


शुक्रवार, २१

नामंजूर.

सरळ आत गेले. खिडकीवरची बाई "मावशी, मावशी" करत मागे आली. आत गणिताचे सर होते, वर्गांच्या याद्या लावणारे. केस पिकलेले, बाहीचं बटण तुटलेलं. माणूस वाईट नव्हता. मला खुर्ची दिली.

म्हणाले, "तुमच्या मुलीने लिहिलंय, माझं लक्ष लागलं नाही, चूक माझी आहे. एवढ्यावर मी पुन्हा परीक्षा कशी घेऊ?"

मी म्हटलं, ती खुळी आहे. पण गणितात खुळी नाही. प्रश्न सोपे आले होते, ती स्वतः म्हणाली.

त्यांनी चष्मा काढला. मग मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं, पण हिणवून नाही. ह्या परीक्षेत सगळ्यांना एकच पेपर नसतो. उत्तर बरोबर आलं की मशीन पुढचा प्रश्न अवघड देतं. चुकलं, की सोपा. उत्तरच दिलं नाही आणि वेळ संपला, तर तेही चुकलंच धरतं आणि आणखी सोपा देतं. असं करत करत खाली नेतं. वर चढायला मग प्रश्न उरत नाहीत.

मी विचारलं, म्हणजे सोपे प्रश्न आले ते?

"ते खाली आल्यावर येतात, बाई."

मग त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. मला त्यातलं काय कळणार. म्हणाले, "सुरुवात फार छान केली होती. अवघड प्रश्नापर्यंत पोचली होती. मग बराच वेळ कशाला हातच लावलेला नाही. प्रश्न येतायत, जातायत. परत आली, थोडं सावरलं, आणि पुन्हा तसंच. मुलगी जागेवर नव्हती. कुठे गेली होती, तिला विचारा."

मी म्हटलं, सर, मी त्याच खोलीत होते. माझी पोरगी कुठेही गेली नाही. तुमचं मशीन खोटं बोलतंय.

असं म्हणून आले.

घरी येऊन विचारलं. कुठे गेली होतीस? फोनवर होतीस? कोण आहे तो? सगळं तोंडाला येईल ते. ती भिंतीला टेकून उभी. तेवढ्यात हे कॉटच्या कठड्यावर डावा हात आपटायला लागले. मग तो हात स्वतःच्या छातीवर मारायला लागले. पुन्हा पुन्हा. मी घाबरले, म्हटलं दुखतंय का छातीत, डॉक्टरला बोलावू का.

पोरगी म्हणाली, "छातीत नाही दुखत त्यांच्या." आणि त्यांचा हात धरून ठेवला. ते हात सोडवून घेत होते, पुन्हा छातीकडे नेत होते, आणि ती धरून ठेवत होती.

मी कोणाला विचारतेय आणि कोण उत्तर देतंय, काही समजेना.


शनिवार, २२

सकाळी एका बाईची पँट शिवत होते. ह्यांना कुशीवर वळवायची वेळ झाली. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि सुई कापडात रोवली.

तशीच बसून राहिले.

त्या दिवशी हाक मी मारली. दोन्ही वेळा मी.


सोमवार, २४

कॉलेज उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसले. सरांना सगळं सांगितलं. ह्यांचं, अंथरुणाचं, उशीचं, सुईचं. म्हटलं, उठवलं मी, तिने थांब म्हटलं होतं. शिक्षा करायची तर मला करा, मला बसवा पायाच्या वर्गात, मला तसंही काही येत नाही.

ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई, हे तिने कागदावर का नाही लिहिलं? घरात आजारी माणूस असेल तर आम्ही पुन्हा परीक्षा देतोच. त्याच्यासाठीच तो कागद आहे."

मग आता द्या.

मुदत गुरुवारी संपली. याद्या लागल्या. त्या शाखेतली जागा शनिवारी दुसऱ्या मुलाला गेली. त्यांनी माझ्यासमोर कोणाला तरी फोन लावला, बराच वेळ बोलले, विनवण्या केल्यासारखं बोलले, आणि फोन ठेवला. "पुढच्या वर्षी नक्की," म्हणाले. मी उठले. काय करणार. त्यांच्या बाहीला बटण लावून द्यावंसं वाटलं. जवळ सुई होती, दोरा त्या रंगाचा नव्हता.

खिडकीवरची बाई जिन्यापर्यंत आली. आज मावशी म्हणाली नाही. "ताई, सावकाश जा," म्हणाली.

घरी आल्यावर पोरीला स्वयंपाकघरात ओढलं. हळूच विचारलं, का नाही लिहिलंस? एक ओळ लिहायची होती.

ती ओट्याकडे बघत म्हणाली, "काय लिहू आई? बाबांनी अंथरूण खराब केलं म्हणून मी नापास झाले, असं लिहू? तो कागद सगळे वाचतात. मग फाईलला लावतात. आणि तू समोर उभी राहिलीस, ते बघत होते माझ्याकडे. त्यांच्यासमोर लिहू?"

मग मला तरी सांगायचंस.

"तू ओरडली असतीस."

ओरडलेच असते. आणि भिंत काय जाडीची आहे आमची. बाहेरच्या खोलीतून काही आवाज आला नाही. ऐकत असले की हे श्वाससुद्धा हळू घेतात.


बुधवार, २

पोरगी जायला लागली पायाच्या वर्गाला. विचारलं काय शिकवलं. म्हणाली, अपूर्णांक. पाव आणि अर्धा मिळवले की किती.

मी म्हटलं, पाऊण. हे तर मलाही येतं.

"हो," म्हणाली. "सोपं आहे."

ती काही टोमणा मारायला म्हणाली नाही. पण मी उठून मशीनला तेल घातलं. कालच घातलं होतं.

भाऊ म्हणतो, वर्ष काय, डोळे मिटून उघडेपर्यंत जाईल. मी म्हटलं, तू मिटून बस. तोपर्यंत ह्यांना दोघींनी उचलायचं, तिने पाव अर्धा करायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा ह्याच टेबलावर परीक्षा. तेव्हा काय हे उठून बसणार आहेत? भाऊ बिस्किटंही न खाता गेला.


बुधवार, ९

ठरवलंय, ती टेबलाशी असली की हाक मारायची नाही. काल एकटीने उचलायला गेले. ह्यांना अर्ध्यावर नेलं आणि पाठीत कळ आली. ना वर ना खाली. ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर. तसेच थांबलो. मी दात दाबून, हे श्वास धरून. आवाज कोणीच केला नाही. तिला कसं कळलं कोण जाणे, आली आणि गुडघ्याखाली हात घातला.

"हाक मारायचीस ना," म्हणाली.


शुक्रवार, ११

आता हे नवीन. दुपारी पाणी पीत नाहीत. चमचा नेला तर ओठ घट्ट मिटतात आणि मान फिरवतात. "नको." मी म्हटलं, हट्ट करू नका, जीभ सुकलीय. नको. मी चिडले. तिखट बोलले. ह्या माणसाला पाजायला मी काम सोडून बसलेय आणि हा तोंड फिरवतोय.

संध्याकाळी पोरीने पुस्तक मिटलं, दिवा बंद केला. हे माझ्याकडे वळले. "हं."

पेला भरून पाजला. घटाघट प्यायले.

काल असंच झालं. परवाही. आज बाजूला बसून बघितलं. पुस्तक उघडलं की तोंड बंद. पुस्तक मिटलं की तोंड उघडं. तीन दिवस दुपारची चादर बदलावी लागलेली नाही.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं पाहिजे, असं पाण्यावाचून ठेवणं चांगलं नाही. पण सांगितलं तर त्या विचारतील, का पीत नाहीत. आणि पोरीच्या कानावर गेलं तर ती पुस्तक उघडणार नाही.

मी चमचा परत पेल्यात ठेवते. मशीनही दुपारी चालवत नाही, हातशिलाई तेवढी करते. रस्त्यावरची दारं वाजलेली ऐकू येतात. घरात आता परीक्षेला लागते तशी शांतता असते, आणि त्या शांततेत पोरगी पाव आणि अर्धा मिळवत बसलेली असते.